न पुसलेली रांगोळी

१

शनिवारी दुपारी हॉलचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि चित्रा उंबऱ्यातच थांबली. मी तिच्या मागे फोल्डिंगचं टेबल घेऊन होतो, तो तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिलो.

"इंद्रनील," ती म्हणाली, "रांगोळी कुठंय?"

गणपती बसणार सोमवारी, मग शनिवारी रांगोळी कुठून असणार, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या मंडळाची एक रीत आहे. विसर्जन झालं, सतरंज्या गुंडाळल्या, सामान कपाटात गेलं की सगळ्यात शेवटी चित्रा दारात बसते आणि निरोपाची रांगोळी काढते. कमळं, वेलबुट्टी, मधोमध पावलं. दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत आणि आत चांगली दोन ढांगा. आतून सुरुवात करून ती मागे मागे सरकत येते, शेवटचं बोट दाराबाहेर उकिडवी बसून ओढते, आणि मग मी कुलूप लावतो. बाप्पा गेले तरी घर उघडंबोडकं दिसू नये, एवढाच त्यातला विचार.

आणि गंमत अशी, की आजवर पुढच्या वर्षी दार उघडलं की ती रांगोळी जशीच्या तशी असायची. धूळ बसलेली, रंग जरा उतरलेला, पण एक टिंबसुद्धा हललेलं नाही. दर वर्षी चित्रा त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकायची. खाली लिहायची, "किती जपतात ही माणसं." त्यावर आम्ही सगळे हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पाडायचो. मंडळाचा कार्यवाह म्हणून त्यात मी पहिला.

आज तिथं लखलखीत पुसलेली फरशी होती. फिनेलसारखा पाइनचा उग्र वास नाकात गेला. कोपऱ्यात पट्टीच्या फटीत तेवढी गुलाबी रंगाची एक रेघ अडकून राहिली होती.

"असू दे गं. कोणीतरी साफसफाई केली असेल," मी म्हटलं आणि कपाट उघडलं.

कपाटात गाण्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा होता, विणकामाच्या लोकरीची टोपली होती. आमचं काहीच नव्हतं. झांजा नव्हत्या. आणि शशिकांत काकांच्या आईची समई नव्हती.

२

आमचं मंडळ म्हणजे इथले, आयर्लंडमधल्या मलिंगारच्या इस्पितळातले डॉक्टर आणि ॲथलोनच्या कारखान्यांतले इंजिनिअर. दोघांच्या मध्ये क्लॉनबेग हे छोटं गाव, म्हणून गणपती क्लॉनबेगला. सुरुवातीला आम्ही जागेसाठी दारोदार फिरलो. कुठं उदबत्तीला नकार, कुठं ढोलाला. शेवटी फिनबार कॉस्टिगन नावाच्या बिल्डरनं काकांच्या हातात एक किल्ली ठेवली. भर बाजारात त्यानं नवा ब्लॉक उठवला होता. वर ऑफिसं, दुकानं आणि तळमजल्यावर हा हॉल. "फुकट. तुमच्या देवाला माझ्याकडून," तो म्हणाला होता.

त्या दिवशी काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलंय. डॉक्टर शशिकांत मिरजेहून इथं आले तेव्हा अख्ख्या परगण्यात मराठी बोलणारं कोणी नव्हतं. आता ते निवृत्त आहेत. केलेले उपकार हा माणूस विसरत नाही. त्या वर्षापासून आम्ही दर गणपतीत कॉस्टिगनला शाल आणि श्रीफळ देतो. त्याच्याकडे आता चार शाली आहेत. पाचवी माझ्या गाडीत होती.

काका आले. कपाटात आपलं काहीच नाही हे पाहून खुर्चीवर बसले. ती समई त्यांच्या आईनं विमानात मांडीवर घेऊन आणली होती.

"ही त्या नोरीनची करणी," ते शेवटी म्हणाले. "गार्डाला फोन कर, इंद्रनील." इथं पोलिसाला गार्डा म्हणतात.

नोरीनचं हार्डवेअरचं दुकान हॉलच्या बरोबर समोर. आजोबांपासूनचं. आम्ही आलो की ती हाताची घडी घालून दारात उभी राहायची. गेल्या वर्षी मिरवणूक जाताना मला म्हणाली होती, "हा तुमचा हॉल मला बुडवणार आहे." आम्ही काय ते समजलो. बाहेरून आलेली माणसं तिला खुपतात, असं समजून तिच्या दुकानाकडे बघणंच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात रोहिणीताई मोदकांचे साचे घेऊन आल्या. डॉक्टर रोहिणी मलिंगारला रेडिऑलॉजिस्ट आहेत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या सावल्या बघतात. जेवायला बोलावलं तरी भाजीत काय घातलंय यापेक्षा काय घालायचं राहिलंय ते आधी सांगतात. त्यामुळे त्यांना जेवायला बोलवायला बायका जरा घाबरतात.

"फोन नंतर," त्या म्हणाल्या. "दाराचं कुलूप धड होतं?"

"धड होतं."

"मागचं दार?"

"ते फायर एक्झिट. उघडलं की भोंगा वाजतो, अर्धं गाव जमतं. येणंजाणं सगळं पुढूनच."

"किल्ल्या कोणाकडे?"

"काकांकडे, तीच आज मी आणली. शिवाय कॉस्टिगनकडे आणि त्याच्या माणसाकडे, डिनीकडे."

रोहिणीताईंनी मान हलवली आणि मोरीशेजारच्या ओट्याकडे गेल्या. काकांना चहा हवा होता. तिथं विजेची किटली होती. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, बोट फिरवलं, पुन्हा बघितलं. मग पाणी न भरताच किटली खाली ठेवली.

"इंद्रनील, तुमच्या घरची किटली आतून कशी दिसते?"

"खडूच्या खाणीसारखी. इथलं पाणीच तसलं. चित्रा महिन्याला व्हिनेगर उकळते तिच्यात."

"हं," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

फळ्यावर रंगीत कागद टाचलेला होता. सोमवारी विणकाम, मंगळवारी योग, गुरुवारी समूहगान. वाचून मला बरं वाटलं. किती गजबजलेला हॉल, आणि तरी आपल्याला देतात. मग शेवटची ओळ वाचली.

दर शनिवारी: भारतीय सांस्कृतिक मंडळ.

"आपण," चित्रा म्हणाली, "दर शनिवारी येतो?"

३

काकांनी सगळं झटकून टाकलं. छपाईची चूक असेल म्हणाले. उद्या संध्याकाळी पालिकेचे लोक चहाला येणार आहेत, कॉस्टिगनच्या ब्लॉकचं काहीतरी मंजुरीचं काम आहे, त्यानं दोन शब्द बोलायला सांगितलंय, तेव्हा उगाच कागदाच्या तुकड्यावरून चिकित्सा नको. "आणि समई आधी शोधा," ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

बाहेर डिनी सापडला. व्हॅनमध्ये झाडू भरत होता. लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा, कायम कसल्या तरी घाईत असलेला माणूस.

"डिनी, हॉल कोणी पुसला?" रोहिणीताईंनी विचारलं.

"मीच. अगदी ग्रँड झालाय की नाही?"

"झालाय. दर आठवड्याला पुसता?"

त्यानं आणखी एक झाडू व्हॅनमध्ये सरकवला. "हो. म्हणजे, लागेल तसा."

"आणि तिथली रांगोळी? दारातली रंगीत चित्रं?"

"ती होय? धूळ वाटली मला. पहिल्यांदाच बघितली."

"कपाटातलं सामान?"

डिनीनं रस्त्यापलीकडे नोरीनच्या दुकानाकडे एक नजर टाकली, लगेच मान खाली घातली आणि म्हणाला, "त्याचं मला काही माहीत नाही. युअर मॅनला विचारा." युअर मॅन म्हणजे कॉस्टिगन. मग व्हॅन सुरू करून निघूनच गेला.

"बघितलं का दुकानाकडे?" मी म्हटलं. "म्हणजे काका म्हणतात ते खरं."

"चला, आपणही बघू," रोहिणीताई म्हणाल्या.

नोरीनच्या दुकानात मी पाच वर्षांत पहिल्यांदाच पाय टाकला. रंगाचे डबे, खिळ्यांचे खोके, ओल्या दोरखंडाचा वास. काउंटरच्या काचेवर कागद चिकटवला होता: महिनाअखेर दुकान बंद होत आहे, सर्व माल निम्म्या किमतीत. नोरीन मागच्या खोलीतून हात पुसत आली. आम्हाला बघून तिचा चेहरा ताठ झाला.

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्या खांद्यावरून मागची फळी दिसत होती. भांड्यांच्या झाकणांच्या रांगेत आमच्या झांजा टांगलेल्या होत्या. आणि त्याच्या शेजारी, दिव्याखाली, काकांच्या आईची समई उभी होती.

४

"चोर सापडला," मी मराठीत पुटपुटलो.

"थांबा," रोहिणीताई तशाच हळू आवाजात म्हणाल्या. "नीट बघा तिच्याकडे. कशी दिसते?"

समई झगझगत होती. तेलाचा राप, काजळी, काही नाही. आमच्याकडे ती इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

"चोरलेली वस्तू माणूस पोत्यात घालून लपवतो," त्या म्हणाल्या. "घासूनपुसून दिव्याखाली ठेवत नाही."

मग त्या वळून नोरीनला म्हणाल्या, "आमचा दिवा तुम्ही इतका सुंदर घासलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार."

नोरीन इतकी गडबडली की तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. "अखेर आलात तर," ती म्हणाली. "डिनीला म्हटलं होतं, त्या लोकांना सांग, त्यांचा दिवा माझ्याकडे आहे. नाही ना सांगितलं त्यानं? बुधवारी हॉलच्या बाहेर कचऱ्याचा मोठा स्किप आणून उभा केला होता त्यांनी. कपाटातलं सगळं त्यात. हे मात्र डिनीनं टॉवेलात गुंडाळून कडेला ठेवलं होतं. त्याला फेकवेना आणि ठेवूनही घेता येईना, तसा वाईट नाही तो. मी उचलून आणलं. कोणाच्या तरी प्रार्थनेची वस्तू आहे, एवढं कळतं मला. आणि ही झाकणं कुठल्या भांड्याची, ते काही समजलं नाही."

मी झांजांची जोडी खाली काढली आणि एकदा वाजवून दाखवली. नोरीन दचकली, मग हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला माझीच लाज वाटली.

"बुधवारी काय होतं?" रोहिणीताईंनी विचारलं.

"पालिकेचा माणूस हॉल बघायला येणार होता गुरुवारी. डिनीनं माझ्याकडूनच फडकी नेली, फिनेल नेलं, किटली नेली. भाड्याच्या खुर्च्या मलिंगारहून आल्या." तिनं काउंटरवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "आणि तो माणूस खूश होऊन गेला, म्हणून मी हा कागद लावला."

"मला नीट समजावून सांगा," रोहिणीताई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. नोरीननं न विचारता चहा टाकला. तिची किटली आतून पांढरीफटक होती, हे माझ्याही लक्षात आलं.

५

त्या संध्याकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. समई मांडीवर घेऊन काका बसले होते. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "नोरीनचे आभार मानायला हवेत. पण चोरी नव्हती ना? मग विषय संपला."

"संपला नाही, काका," रोहिणीताई म्हणाल्या. "सुरू झालाय. त्या हॉलमध्ये काय आहे ते आपण सगळ्यांनी बघितलं. मी जे नाही ते शोधत होते. मंगळवार, गुरुवार करत तीस माणसं वर्षभर तिथं येतात म्हणे. आयरिश माणसं चहाशिवाय जमतील? मग किटलीत क्षाराचा कणही कसा नाही? आत कोणाची विसरलेली छत्री नाही, एका हाताचा मोजा नाही. फळ्याला त्या एका कागदाच्या टाचण्यांखेरीज भोक नाही."

"नवी किटली, नवा फळा. त्यात काय?"

"असू शकेल. म्हणून मी त्यावर थांबले नाही." त्यांनी चित्राकडे पाहिलं. चित्रानं फोन काढून काकांच्या पुढे धरला. दार उघडल्या क्षणी काढलेले तीन फोटो होते, तीन वेगवेगळ्या वर्षांचे. अखंड रांगोळी, वर धूळ.

"किती जपली होती त्यांनी," काका म्हणाले.

"काका, दार एकच. रांगोळी या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. आत दोन ढांगा. आपण रांगोळीवर पाय देत नाही, म्हणून आपल्याला वाटलं, तेही देत नाहीत. विणायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका दर सोमवारी त्या रांगोळीवरून उडी मारून जात होत्या का?"

काकांनी फोन जवळ ओढला. मी मनातल्या मनात ग्रुपवर टाकलेले ते सगळे जोडलेले हात आठवत होतो.

"कोणी जपली नाही ती," चित्रा हळूच म्हणाली. "कोणी आलंच नाही."

मग मी नोरीननं सांगितलेलं काकांना सांगितलं. पालिकेची योजना अशी, की तळमजल्यावरचा हॉल वर्षभर गावासाठी उघडा ठेवला तर कॉस्टिगनच्या अख्ख्या ब्लॉकला रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागेवरचा पालिकेचा कर, माफ. पण पालिकेला दिवे लावायचे, रस्ते झाडायचे, ते काही थांबत नाही. गावातल्या सर्वांत मोठ्या इमारतीनं दिलं नाही, तर ते बाकीच्यांवर पडतं. सोसायटीच्या गणपतीत सर्वांत मोठ्या बंगल्यानं वर्गणी बुडवली की चाळीतल्यांची पावती वाढते, तसं. खाटकानं गेल्या वसंतात दुकान बंद केलं. वाचनालय शनिवारी उघडेनासं झालं. आता नोरीन. उद्या ती माफी पुढच्या दहा वर्षांसाठी नवी करायची की नाही, ते ठरणार होतं. आणि हॉल दर आठवड्याला वापरात असतो याचे साक्षीदार होतो आम्ही.

"म्हणून दोन शब्द," काका म्हणाले.

"म्हणून दोन शब्द."

काकांनी समई खाली ठेवली. "पुरावा पक्का आहे, रोहिणी," ते म्हणाले. "पण दारोदार फिरत होतो तेव्हा किल्ली त्यानंच दिली ना? इतरांनी दारं लावली. आता भर सभेत मी त्याच्या विरुद्ध उभा राहू? माझ्यानं होणार नाही. आणि हॉल गेला तर परवा गणपती बसवायचा कुठं?"

आम्ही उठलो. दारात काकांनी मला थांबवलं आणि विचारलं, "नोरीनच्या दुकानाला किती वर्षं झाली म्हणालास?"

"तिच्या आजोबांपासून आहे, काका."

त्यांनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं.

६

रविवारी हॉल भरला होता. पालिकेचे तीन सदस्य पहिल्या रांगेत, शेजारी कॉस्टिगन. चांगला उंचापुरा, हसतमुख माणूस. प्रत्येकाचं नाव त्याच्या लक्षात असतं, माझ्या मुलीचंसुद्धा. नोरीनला चित्रानं जाऊन बोलावून आणलं होतं. ती सर्वांत मागे, दाराजवळ, हाताची घडी घालून उभी होती. तिला वाटत होतं, आपलं मरण आपल्याला बघायला बोलावलंय. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती, कारण काका सकाळपासून कोणाशी बोलले नव्हते. मी शाल आणि नारळ ताटात घालून त्यांच्या हाती दिलं.

काका इंग्रजीत बोलले, मिरजेच्या वळणाच्या सावकाश इंग्रजीत.

"मिस्टर कॉस्टिगननी आम्हाला जागा दिली, तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. फिनबार, तुमचे आभार." कॉस्टिगननं हसून मान लववली. रोहिणीताईंनी डोळे मिटून घेतले.

"आता आमच्या एका रिवाजाबद्दल सांगतो," काका पुढे म्हणाले. मागच्या पडद्यावर चित्रानं, काकांनी रात्रीच सांगून ठेवल्याप्रमाणे आणि मला पत्ता न लागू देता, पहिला फोटो लावला. मग दुसरा. मग तिसरा. काकांनी रांगोळी काय असते, ती शेवटी कशी काढतात, दार लावून आम्ही कसे जातो, ते सगळं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "हे फोटो वर्षभरानंतर दार उघडल्यावरचे आहेत. आम्हाला वाटलं, क्लॉनबेगची माणसं इतकी सभ्य आहेत, की आमच्या रंगावर पाय देत नाहीत. तीन वर्षं आम्ही त्यासाठी आभार मानले. काल एका हुशार बाईनं मला सांगितलं, की पाय द्यायला कोणी आलंच नव्हतं. आम्ही इथं दर शनिवारी येत नाही. वर्षातून एकदा येतो."

पहिल्या रांगेतल्या पालिकेच्या बाईंनी चष्मा लावला आणि पडद्याकडे नीट पाहिलं. मग फळ्यावरच्या कागदाकडे. डिनी भिंतीपाशी उभा होता. बाईंनी त्याला विचारलं, "हे समूहगानवाले कोण?" डिनीनं कॉस्टिगनकडे बघितलं, मग नोरीनकडे. "मी तरी त्यांना कधी ऐकलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

कॉस्टिगन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं. "शशी, मी तुम्हाला जागा दिली," तो म्हणाला. त्याला मनापासून दुखावल्यासारखं झालं होतं, आणि ते नाटक नव्हतं.

"दिलीत," काका म्हणाले. "पण आमच्याकडे म्हणतात, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान तुमचं, आणि मिठाई दुसऱ्याच्या दुकानातली." त्यांनी खिशातून किल्ली काढली, दोन्ही हातांनी त्याला दिली आणि नमस्कार केला. मग ताट उचलून ते त्याच्या समोरून पुढे गेले. खुर्च्यांच्या मधून, सरळ मागे, दाराकडे.

नोरीन एक पाऊल मागे सरली. काकांनी शाल उलगडून तिच्या खांद्यांवर घातली. हिरव्या ओव्हरऑलवर ती जरीची किनार.

"अहो, मी काय केलंय?" ती म्हणाली.

"तुम्ही आमचं भाडं भरलंत," काका म्हणाले. "चार वर्षं. आणि आम्ही तुम्हाला साधा नमस्कारही केला नाही."

नोरीननं नारळ दोन्ही हातांत धरला होता. मग नाक ओढून म्हणाली, "मग आता तुमचा देव कुठं बसणार?"

"माहीत नाही," काका म्हणाले. ते खरंच होतं.

"माझी मागची खोली निम्म्या किमतीच्या सेलनं रिकामी झालीय," नोरीन म्हणाली. "धुराचं मला काही वाटत नाही. फक्त टर्पेंटाइन आधी हलवते."

७

पालिकेनं त्या संध्याकाळी निर्णय पुढे ढकलला. दिवाळीच्या सुमारास माफी रद्द झाल्याचं कळलं. त्याआधीच नोरीननं काचेवरचा कागद काढून टाकला होता. पुढचं पुढे, म्हणाली. डिनी आता तिच्याकडे काम करतो. कॉस्टिगन रस्त्यात भेटला तर मी अजूनही थांबून बोलतो. त्याची किल्ली आम्हाला मिळाली होती, हे काही खोटं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. बाप्पा नोरीनच्या मागच्या खोलीत बसले, रंगाच्या डब्यांच्या दोन भिंतींमध्ये, समोर घासलेली समई. आरतीला झांजा डिनीनं वाजवल्या, आणि तालाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. सकाळी चित्रानं दुकानाच्या दारात रांगोळी काढली होती, कमळं, वेलबुट्टी आणि मधोमध पावलं. दुपारपर्यंत तिचा पार चिखल झाला. खिळे न्यायला आलेले सुतार, कुत्र्याची साखळी घ्यायला आलेली बाई, पावसानं भिजलेले बूट, एका लहान मुलाची सायकल. काका उंबऱ्यात उभे राहून ते बघत होते, आणि मला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार.

"चित्रा," त्यांनी आत हाक मारली, "अगं रांगोळी पुसली की सगळी."

"येते, काका," चित्रा म्हणाली आणि रंगाचे डबे घेऊन पुन्हा उंबऱ्यात बसली.